पान सतरा

दर दुसऱ्या मंगळवारी
वाचनालयाची पिवळी बस घेऊन मी उत्तरेला निघतो.
आत तीन हजार पुस्तकं, एक कुरकुरा हीटर,
आणि तळ्याच्या वळणावर हमखास कोसळणारा
चरित्रांचा कप्पा.
थोरामोठ्यांना पंधरवड्यातून एकदा
मी जमिनीवरून उचलतो, झटकतो,
पुन्हा उभं करतो.

पहिला थांबा दूधडेअरीपाशी.
तूलिक्कीबाईंना खून लागतो.
एकाने भागत नाही, निदान तीन,
आणि खुनी शक्यतो दातांचा डॉक्टर.
लेखकाचं नाव त्यांच्या जिभेवर कधीच येत नाही:
"तो रे, ज्याचा इन्स्पेक्टर बारा महिने
सर्दीने बेजार असतो."
मी हात घालतो आणि तोच काढून देतो.
पंचवीस वर्षांत एवढी एक विद्या आली.

शाळेपाशी हेल्मी. वय नऊ.
पुस्तक छातीशी धरून विचारते,
"यात कुत्रा मरत नाही ना?"
मला कुठलं ठाऊक.
मी रोवानिएमीला फोन लावतो,
तिथल्या मोठ्या वाचनालयात तीन शिकलेली माणसं
कामं टाकून कुत्रा शोधतात.
तोवर ती बसच्या पायरीवर बसून राहते,
वजा बावीसमध्ये,
निकालाची वाट बघत.

राईमोकडे चारशे रेनडिअर.
तो बोलतो तेव्हा कुत्रीसुद्धा कान टवकारतात,
इतकं ते दुर्मिळ.
प्रेमकथा नेतो, मिठाच्या पोत्यात तळाशी घालून.
बहिणीसाठी, म्हणतो.
बहीण ऑस्ट्रेलियात आहे, हे पंचक्रोशीला माहीत आहे,
आणि पंचक्रोशी गप्प आहे.
एकदाच, पोतं खांद्यावर टाकता टाकता म्हणाला,
"या वेळच्या बाईने दोघांना
फारच लवकर भेटवलं."

शेवटचा थांबा वेइक्कोचा.
त्याला युद्ध.
पाणबुड्या, खंदक, गोठलेले रणगाडे,
ज्यात माणसं शेवटची सिगरेट अर्धी अर्धी ओढतात.
कुठलं वाचलं, कुठलं नाही, लक्षात राहीना,
म्हणून वाचून झालं की
पान सतरावर, आकड्याच्या खाली,
पेन्सिलीचा एक ठिपका.
नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवेत.
खोडरबर खिशात असतं.
खिशातच असतं.

या फेब्रुवारीत एइला एकटी आली,
त्याची चार पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत,
मुदत टळून सहा आठवडे.
"दंड किती झाला?"
मी म्हणालो, मशीन बंद आहे.
मशीनचा हिरवा दिवा
आमच्या दोघांकडे बघत होता.

एइला आजवर फक्त विणकामाची पुस्तकं न्यायची.
त्या दिवशी युद्धाच्या कप्प्यापुढे उभी राहिली,
हातमोजे काढून,
एकेक पुस्तक उघडत, पान सतरा बघत.
मला वाटलं, ठिपके शोधतेय,
त्याच्या हाताचे.
मी मुद्दाम बाहेर जाऊन काचेवरचा बर्फ खरवडला,
नव्हता तरी.

परत आलो तर तिच्या हातात
बिनठिपक्याचं एक.
"हे राहिलंय त्याचं," म्हणाली,
जसं कुणी म्हणावं,
ताटात भात राहिलाय.

आता दर खेपेला एक नेते, एक आणते,
आणि दर खेपेला वैतागते:
"या पोरांना कुणी वेळेवर जेवायला घालत नाही का?
पाचशे पानं नुसता पाव!"
पान सतरावर आता ठिपका नसतो,
एक बारीक फुली असते,
उलट्या टाक्यासारखी.

कप्प्यात अकरा उरलीत. मी मोजलीत.
परवा नवी सहा मागवली,
सगळ्यांत जाड बघून.
युद्धासाठी यंदा पैसे नाहीत,
वरून तसं पत्रच आलंय.
म्हणून अर्जात विषयाच्या रकान्यात
मी लिहिलंय:
विणकाम.